सव्वीसच्या खाली

पहाटे पाचला मी दूध केंद्राचं शटर वर करतो.
गवळाऊ गाईंचं दूध, कॅनमागून कॅन,
आणि माझ्या हातात काचेची नळी, बुडाशी शिसं भरलेली.
नळी जास्त बुडाली, आकडा सव्वीसच्या खाली गेला
की दूध परत.
एकवीस वर्षं. कुणाचंही. साडूचंसुद्धा.

एकदा शेवंताबाई अवथळेच्या कॅनमध्ये पाणी निघालं.
नातवानं वाटेत दोन पेले पिऊन
हापशीवर भरपाई केली होती.
पोरगं समोर उभं राहून रडत कबूल करत होतं.
मी म्हटलं, "मावशी, कोणं टाकलं ते नळीले दिसत नाही.
कॅन तुमचा हाये."
पंधरा दिवस खातं बंद.
त्या रात्री मला नीट झोप लागली होती.

आता माझ्या घरात एक पत्र आहे, इंग्रजीत.
प्रणोतीनं ते मला तीनदा वाचून दाखवलं,
तिसऱ्यांदा तर पाठ असल्यासारखं.
तुमच्या शरीरात जे सापडेल
त्याला तुम्हीच जबाबदार.

राज्याची पाच हजार मीटर. पुण्याला.
ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर पाय लोंबकळून
तिचे घोटे सुजले होते, मोजे चढत नव्हते.
माझ्या खिशात माझी बीपीची गोळी,
अंगातलं पाणी उतरवणारी.
मी नखानं तिचे दोन तुकडे केले.
"घे माय, सूज उतरते."
तिनं विचारलं होतं, "चालते ना, बाबा?"
आणि मी,
जो कुणाच्या शब्दावर लिटरभर दूध घेत नाही,
म्हणालो, "अर्ध्या गोळीनं काय होते?"

ती तिसरी आली. मग बाटली भरून दिली.

सुनावणी मोबाईलवर झाली,
पाण्याच्या टाकीखाली, तिथेच रेंज येते म्हणून.
मी मध्येच तोंड घातलं,
"साहेब, गोळी म्या देल्ली. शिक्षा मले करा."
साहेब चांगले होते, आवाज चढवला नाही.
म्हणाले, "काका, तुम्ही धावपटू नाही."
दोन वर्षं. पदक परत.

चौथी आलेली पोरगी चंद्रपूरकडची आहे.
आता ती तिसरी.
तिचा बाप शर्यतीच्या दिवशी माझ्या शेजारी बसला होता,
आम्ही एकाच कागदावरचे पोहे खाल्ले.
त्याला मी काय म्हणू, की अर्धीच होती?
उद्या प्रत्येक जण आपापला बाप उभा करेल,
आणि त्यातले किती खरे
ते कोणत्या नळीनं बघायचं?

म्हणून पदक घ्या. ते मला पटतं.
धाव परत करा, मी दूध परत करतो तशी.
पण दोन वर्षं?
तिचं वय एकोणीस आहे.
मी शेवंताबाईला काही दोन वर्षं—
पंधरा दिवस घातली होती.
त्या पंधरा दिवसांत तिनं दूध कुठे ओतलं
हे मी कधी विचारलं नाही.

काल भाकरी थापता थापता प्रणोती म्हणाली,
"तुम्ही असते तं काय केलं असतं, बाबा?"
मी ताटाकडे पाहत राहिलो.
ती म्हणाली, "हं,"
आणि भाकरी उलटली.

आज शेवंताबाई पहिली आली.
बाहेर अजून अंधार,
तळेगावच्या रस्त्यावर पावलं वाजत गेली, एका लयीत,
आम्ही दोघांनी ती ओळखली.
"धावते का अजून?"
"धावते."
"घड्याळ कोण लावते?"
"कोणीच नाही."
तिनं कॅनचं झाकण काढलं, पदर सावरला.
माझा हात नळी धरून तसाच थांबला होता.
"मोज ना," ती म्हणाली.