दारूखाना

रे रोडपलीकडे, दारूखान्यात,
तोडलेल्या बोटींची दारं वजनावर मिळतात.
दोन घेतली. बर्मा साग,
बिजागरीपाशी मिठाचे पांढरे ओघळ.
पार्ल्यापर्यंत टेम्पोचे साडेआठशे.

न्हाणीघरामागची भिंत घरात सगळ्यांत थंड,
तिथे पूर्वी गाद्यांची चळत असायची.
चोवीस घरं आखली,
प्रत्येक घर पुढे किंचित उतरतं,
म्हणजे बूच ओलं राहतं, आक्रसत नाही.

"काय चाललंय?"
बाबा. एकोणचाळीस वर्षं शाळेत संस्कृत,
आता चष्म्यावर माझ्या रंध्याचा भुसा.
"कपाट. दारूचं," म्हणालो. लपवून काय करणार,
पावती तीन दिवस फ्रिजवर चिकटलेली.
"रु ऱ्हस्व की दीर्घ?
ऱ्हस्व असेल तर लाकूड.
दीर्घ असेल तर तुझं तू बघ."

मग गुडघा धरत स्वतःच जमिनीवर बसले
पाणसळ घेऊन.
बुडबुडा मधोमध येईना, करवादले.
येऊच नये, मी म्हणालो, उतार ठेवलाय.
"मग पाणसळ कशाला?"
खरंच की.

चोवीस घरांत बाटल्या तीन.
दोन नाशिकच्या, एक ऑफिसच्या निरोपाची.
रात्री पाणी प्यायला उठलो, तर
खालच्या ओळीत गुंडाळ्या, लाल दोऱ्याच्या:
माझी पत्रिका, वृंदाची,
आईचीसुद्धा,
जिच्यात आता बघण्यासारखं काही उरलं नाही.
आडव्या, अंधारात, तोंड जरा खाली.

हात लावला नाही.

सकाळी चहा फुंकत म्हणाले,
तिसऱ्या ओळीचा उतार जास्त झालाय.