वाक्यात उपयोग करा

दर गुरुवारी सातला मी वाचनालयामागची खोली उघडते,
हीटर लावते. तो आधी खोकतो, मग तापतो.
बहुतेकजण कामावरून तसेच येतात, हातांना ब्लीचचा वास.
कोंबड्यांच्या कारखान्यात दिवसभर
एका पक्ष्याचे आठ तुकडे करणारे हात
आता शब्द सोलायला बसतात.

पुस्तक कौन्सिलनं दिलेलं.
शब्द, पुढे अर्थ, खाली तिरप्या अक्षरांत वाक्य.
त्या वाक्यांतली माणसं मला डंगॅननमध्ये कधी भेटली नाहीत.
त्यांची बस चुकत नाही,
त्यांचे काका डॉक्टर असतात,
ती एकमेकांना विचारतात, तुमची छत्री निळी आहे का?
आणि उत्तर मिळतं.

म्हणून मी सांगते, पुस्तकातलं नको. आपलं वाक्य आणा.

मागच्या महिन्यात 'अफोर्ड' होता.
ट्रेलर चालवणाऱ्या वैदोतसनं लिहिलं:
मला एक दात परवडतो. डॉक्टर म्हणतात तीन.
'अपॉइंटमेंट'ला अबिलियु उठला:
माझी अपॉइंटमेंट आहे, पण कुठे ते पत्रात इंग्रजीत लिहिलंय.
खूप हसलो. मी बरोबरची खूण दोनदा केली.

या गुरुवारी 'स्टिल'.
फळ्यावर लिहिलं: एक, अजून. जे होतं ते चालूच आहे.
दोन, निश्चल. जे हलत नाही.
एका शब्दाच्या पोटात दोन्ही कसं मावतं, अबिलियुनं विचारलं.
मला काय विचारतोस, म्हटलं, मी फक्त या भाषेच्या घरात वाढले.

दोमिंगसची वही सगळ्यांत नीट.
समासाला पट्टीनं रेघ, शब्दाखाली दुहेरी.
तिनं लिहिलं होतं: माय मदर इज स्टिल.
एवढंच.
मी लाल पेन काढलं, पुढे टिंबं दिली,
समासात लिहिलं: वाक्य अपूर्ण. आई अजून काय?
अजून आजारी? अजून शेतात? अजून वाट बघतेय?
तेहतीस वर्षं शिकवल्याची ही खोड,
रिकामं दिसलं की भरायला सांगायचं.

तिनं ते वाचलं. मग बोट उचलून
फळ्यावरच्या दोनाकडे दाखवलं.
'टू, टीचर,' म्हणाली. 'नंबर टू.'

बाउकाउहून पहाटे फोन आला होता.
तरी पूर्ण शिफ्ट करून ती वर्गाला आली,
कारण गैरहजेरी लागली तर प्रमाणपत्र मिळणार नाही
हे वाक्य मीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं,
जर-तरच्या धड्यात.

लाल शाई खोडायला गेले. कागद फाटला.

मग फळ्यावर पुस्तकात नसलेलं लिहिलं.
आमच्याकडे मयताच्या घरी
हात हातात घेऊन म्हणतात: सॉरी फॉर युअर ट्रबल.
अर्थ लिहिताना खडू अडला.
ट्रबल त्यांना माहीत होता, इंजिनचा, घरमालकाचा.
पण आमच्या गावात त्याला शेवटी 'स' लागला
की माझ्या वयाची माणसं अजून दाराकडे बघून बोलतात.
माझा भाऊ त्या 'स'मध्ये आहे.
ते मी वर्गात सांगत नाही.

कुणालाच म्हटलं नाही, वाक्यात उपयोग करा.
वैदोतस उठला, तळहात पँटला पुसले,
तिच्यासमोर जाऊन ते चार शब्द म्हणाला,
त्यांतला एक चुकीचा. मी दुरुस्त केला नाही.
मग बाकांमधून रांग लागली.
अबिलियु तिच्याच गावाकडचा, त्याला इंग्रजीची गरज नव्हती.
त्यानंही आधी इंग्रजीतच म्हटलं,
मग त्यांच्या भाषेत बराच वेळ.
ती प्रत्येकाला सांगत होती, यू आर वेलकम.
तिसऱ्या धड्यात तसंच शिकवलंय.

निघताना तिची वही उघडी होती.
नवा शब्दप्रयोग, खाली दुहेरी रेघ.
अर्थाचा रकाना तिनं कोरा सोडला होता.
उदाहरणाच्या रकान्यात आमची नावं,
सगळ्यांत शेवटी माझं, ब्रोना,
ज्यातली टोकाची दोन अक्षरं कुणीच उच्चारत नाही.
ती तिनं लिहिलीच नव्हती.