दाब

सायकल जागच्या जागी. तोंडावर मास्क.
दिघे पेडल मारतात, पाय एकाच लयीत,
आणि पडद्यावर श्वासाची रेघ
चढते, ओसरते, पुन्हा चढते.

"काका, एकसारखा श्वास घ्या ने," तेजलबेन म्हणते.

बत्तीस वर्षं आजव्याच्या लाइनीवर काढलेला माणूस.
मांजलपूरचा नळ कधी धो धो, कधी नुसता फुसफुसायचा,
लोक नळालाच शिव्या द्यायचे.

मी काचेबाहेर, त्यांचा चष्मा धरून.
ही रेघ मला पाठ आहे.
रात्री दिवा न लावता मोजते मी:
मोठा, मोठा, लहान, लहान,
मग काहीच नाही,
आणि माझा हात त्यांच्या बरगड्यांकडे.

मास्क निघाल्यावर ते आधी पाणी मागतात.
मग म्हणतात, "पंप थकलाय, बेन.
नळाला कशाला बोलायचं?"