गोमीबायची वही

रेवदंड्याला बर्फाच्या फॅक्टरीत मी हिशेब लिहायचो,
तेव्हा गोमीबायची उधारीची वहीही माझ्याचकडे असायची.
दुपार कलल्यावर टोपली पालथी घालून ती तिच्यावर बसायची,
पायाच्या अंगठ्याला चिकटलेला खवला काढत सांगायची,
‘लिव.’

हानोख नवगावकर: खवले आणि पर, दोन्ही हवेत.
कोलंबी दारात दाखवायचीसुद्धा नाही.
शुक्रवारी दिवा लागायच्या आत पैसे, नाहीतर रविवारी.

सरखोत: शाफई. दर्यातलं सगळं चालतं,
चिंबोरी तर आधी त्यांची.
पण हनफी जावई आला असेल
तर चिंबोरी तळाला, ओल्या फडक्याखाली,
आणि फडक्यावर बांगडे.
सासूबाई नुसत्या डोळ्यांनी विचारतात.

खाडीपल्याड कोर्लईला इनास मार्तिस:
शुक्रवारी मटण नाही, म्हणून दुप्पट सुरमई.
‘त्यांचा उपास, माजा सन,’ गोमीबाय हसायची.

बँकेतले कामत: सोमवार नाही, चतुर्थी नाही, श्रावण अजिबात नाही.
बाकी दिवस जानवं कानाला लावून
पापलेटाचे गलफडे स्वतः उचलून बघतात.
समोरचे आठवले त्यांना बामण म्हणत नाहीत.

आठवल्यांच्या दारावरून मुक्यानं जायचं, टोपली झाकून.
मागीलदारी दोन बोंबील, मांजरासाठी.
(‘मांजराला पन चतुर्थी हाय का?’ तिनं एकदा विचारलं होतं.
काकू म्हणाल्या, नसते. मग थांबून म्हणाल्या, त्या दिवशी नकोच.)

कर्मठ हा शब्द मला शाळेत शिकवला होता
तो टिळा आणि पळीपंचपात्री यांच्यासकट.
या वहीत तो मला पावशेर, अर्धा किलो,
असा सुटा सुटा भेटत गेला.

नवगावकरांचं मात्र एका ओळीत मावत नव्हतं.
धाकटा एलियाझर मुंबईला जाऊन हिब्रू शिकून आला
आणि म्हणाला, बोंबील आपल्यात चालत नाही,
मऊ लिबलिबीत, त्याला खवले कुठले.
हानोख म्हणाला, आजा घाणा शनिवारी बंद ठेवायचा,
प्रार्थनेतले चार शब्द येत होते त्याला, पाचवा नव्हता येत,
आणि पावसाळाभर सुका बोंबील भाजून खायचा.
तू मोठा की आजा?
अकरा वर्षं दोघांची चूल वेगळी,
मध्ये एक कुडाची भिंत आणि एकच विहीर.

एकदा तिन्हीसांजेला गोमीबायनं दोघांना ओट्यावर बोलावलं.
बॅटरी माझ्या हातात दिली.
ताजा बोंबील उताणा केला, मग पालथा,
आणि शेपटीकडच्या अर्ध्या अंगावरून
अंगठ्याचं नख उलटं ओढलं.
नखावर तीन चंदेरी कपचे, तांदळाच्या कणीहून बारीक.
‘मुंडीकडं नाय. शेपटीकडं हाय. बगा.’

दोन पांढरी डोकी एका माशावर वाकली.
मला वाटलं, मिटलं.
एलियाझर म्हणाला, अर्ध्या अंगाला खवले
हे ग्रंथात कुठे बसतं, विचारावं लागेल.
हानोखनं बराच वेळ त्या नखाकडे बघितलं,
आणि थोडा रागावूनच म्हणाला,
‘खवले होते म्हणून मी खात नव्हतो.’
मग दोघं आपापल्या दारानं आत गेले.
बोंबील मी घरी नेला.

वहीच्या शेवटच्या पानावर तिनं स्वतःचं नाव लिहायला लावलं.
गोमी: घोळ नाही.
घोळीला तर सोन्याचा भाव येतो, मी म्हटलं,
विकत नाही का?
‘इकते. खात नाय.’
कोणत्या दिवशी?
‘लिव तू.’
पुढे कारण लिहायला जागा होती, ती तशीच आहे.

आता तिची सून टेम्पोतून मासळी विकते,
छतावर भोंगा, भोंग्यात टेप केलेला आवाज.
काकू गेल्या, मांजर गेलं, घर भाड्यानं दिलंय
पुण्याच्या एका जोडप्याला, ते सगळं खातात.
तरी त्या फाटकापाशी
सून भोंगा बंद करते
आणि वळणापुढे गेल्यावर चालू.
हे तिला सांगितलं कुणी,
एकदा विचारायला हवं.