वरची हद्द

साखरीनाट्याच्या बर्फ कारखान्यात
क्रेनच्या रुळाखाली, गंजक्या अँगलवर
मुठीएवढी एक डबी आहे.
डबीला दांडी, दांडीला रबरी चाक.
हूक वर येतो, चाकाला ढुसणी देतो,
दांडी कलते, आत टक् होतं,
मोटर थांबते.
दिवसातून साठ-सत्तर वेळा.
लिमिट स्विच म्हणतात तिला.
कामगार म्हणतात, वरची टोचणी.

मी तिची वायरवाली, अमिना सोलकर,
रत्नागिरीच्या आयटीआयची.
बाईमाणूस शिडी चढणार कशी, विचारलं होतं
त्या पावसकर मॅनेजरांना
हल्ली शिडी धरायला मीच उभं करते.

फिटर आंबेरकरांनी रिटायर होताना
डबीचं झाकण उघडून दाखवलं होतं:
"दोन कॉन्टॅक्ट. एक एरवी उघडा, एक एरवी मिटलेला.
थांबवायचं काम नेहमी मिटलेल्याला द्यायचं."
का?
"त्याच्यातनं करंट दिवसभर वाहतो.
दिवसभर तो होय होय म्हणतो.
नाही म्हणायचं तर नुसतं गप्प व्हायचं.
वायर तुटली, गप्प.
उंदरानं कुरतडली, खाऱ्या हवेनं स्क्रू खाल्ला,
तरी गप्पच.
तो गप्प झाला की मोटर उभी.
उघड्याच्या भरवशावर राहिलीस
तर हाक मारायच्या दिवशीच नेमका मेलेला असायचा."
मी वहीत लिहून घेतलं.
माझ्या लग्नात मिळालेल्या सल्ल्यांत
इतकं कामाचं एकही नव्हतं.

ऑगस्टात बंदी उठली.
धक्क्यावर ट्रॉलर, ट्रॉलरवर तांडेल,
सगळ्यांचं तोंड कारखान्याकडे.
आणि डबी आजारी.
मिठाच्या टाकीवर वर्षभर टांगलेली,
आतून हिरवी पडलेली.
आठ डबे बर्फ अर्ध्यावर लटकतोय,
खाली टपटप,
आणि दारातून ओरडा:
"अगो, म्हावरा कुजल्यावर देनार हायस काय बरफ?"

त्या रात्री खडप्यानं झाकण उघडलं
आणि दोन स्क्रूंमध्ये
बोटभर लाल वायर टाकली.
आता होय म्हणजे होयच,
हूक कुठेही जावो.

अकरा दिवस क्रेन अडली नाही.
मला कुणी सांगितलं नाही.
पावसकरांनी पेढे आणले.

बाराव्या रात्री बटण अडकलं.
हूक नेहमीच्या जागी आला,
चाकाला ढुसणी दिली,
दांडी कलली, आत टक् झालं
(तिनं आपलं काम केलं, हे मला सांगायचंच आहे),
आणि हूक पुढे गेला.
दोर कण्हला, मग कण्हायचा थांबला.
टनभर बर्फ खाली.
टाकीतलं खारं पाणी भिंतीवर चढून
कॅलेंडरला लागलं.

खडपे चहाला गेला होता.
त्याच्या स्टुलाचे तीन पाय सापडले,
चौथा अजून नाही.

नवी डबी मी एसटीनं आणली, मांडीवर ठेवून.
पितळी ग्लँड, नवं गॅस्केट,
झाकणाच्या कडेला बोटानं ग्रीस.
लाल वायर काढली तेव्हा
शिडी खडपेच धरून होता.
वर न बघता त्यानं हात पसरला.
मी वायर त्याच्या हातावर ठेवली.
मग खाली उतरले, बांबू घेतला,
त्याला म्हटलं, दाब बटण.
हूक रिकामाच वर निघाला.
बांबूनं चाक ढकललं.
टक्. क्रेन उभी.

"परत," तो म्हणाला.
टक्.
"परत."

बाहेर तांडेल बोंबलत होते.
वीसेक वेळा तरी झालं असेल.
माझा खांदा भरून आला,
त्याचं बोट बटणावरून हलेना.
"परत, अमिनाबाय."