उचंत

कलम सतरा, उपकलम तीन:
"भाडेकरूकडून देय रकमेपेक्षा जादा वसूल झाल्यास
ती जादा रक्कम पुढील बिलात वळती केली जाईल.
तीवर व्याज देय राहणार नाही."
दर वर्षी मीच टाइप करते.
सावद्याच्या ह्या कोल्ड स्टोरेजात एकोणीस करार,
एकोणीस वेळा हेच.

व्याख्यांच्या पानावर 'चेंबर' आहे, 'क्रेट' आहे,
'पक्व माल' आहे,
'दांडा'सुद्धा आहे, कापलेला आणि न कापलेला.
'जादा' नाही.
वकील म्हणाले, ते कळतंच सगळ्यांना.

माझे वडील मालधक्क्यावर घड मोजायचे.
शंभराला दोन वर.
त्या दोनांना कुणी जादा म्हणत नसे,
रीत म्हणत.
रीत परत मागितली तर मागणारा हलका होतो,
म्हणून वॅगन भरत गेल्या.

लुकमान तडवीनं चार नंबरचं चेंबर सोडलं
संक्रांतीच्या आधी.
फैजपूर रस्त्यावर त्याची वेफर्सची कढई,
माल आता घरीच ठेवतो म्हणाला.
मार्चअखेर खाती जुळवताना दिसलं,
सात महिने शेजारचा कॉम्प्रेसर
त्याच्या मीटरवर चालत होता.
चार हजार तीनशे शहाऐंशी.

पुढील बिलात वळती होईल.
पण माणूसच गेला, पुढलं बिल कुठून आणू?
चार नंबरात आता दुसऱ्याची केळी पिवळी होतायत.
रक्कम दारात उभी,
आत घ्यायला कलम नाही, बाहेर धाडायला पत्ता असून वाट नाही.
मी तिला उचंत खात्यात टाकलं,
नको त्या वेळी आलेल्या पाहुण्याला
ओसरीवर बसवतात तसं.

तिथं आधीच कोण कोण बसलं होतं.
२००९ चं एक डिपॉझिट, नावावर चहाचा डाग.
दोनदा घेतलेली हमाली.
'तोलकाटा फरक', अकराशे, कुणाचा ते नाही.
कुणी मागायला आलं नव्हतं.
न मागितलेलं हळूहळू आपलं होतं,
हे कलम कुठंच लिहिलेलं नाही
आणि तेच सगळ्यात काटेकोर पाळलं गेलं होतं.
माझ्याच अक्षरात.

नव्या करारात मी एक ओळ वाढवली:
"पुढील बिल निघणार नसल्यास पंधरा दिवसांत, रोख,
मागणीची वाट न पाहता."

सुपडूशेठांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
वाचलं. परत वाचलं.
"हे 'वाट न पाहता' कोणाचं?"
उचंतीचं, म्हटलं.
ते बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले,
जणू तिथं कुणाचं नाव अर्धं पुसलेलं होतं.
मग म्हणाले, "लुकमानले बोलाव."
ओळीवर मात्र सही केली नाही.
अजूनही केलेली नाही.

लुकमान आला, सदऱ्याला तळणाचा वास.
"मले तं मालूमच नव्हतं, ताई.
मीटर तुमचं, मी कायले पाहू?"
गल्ल्यात सुटे नव्हते, मी चव्वेचाळीसशे दिले.
त्यानं अंगठा ओला करून दोनदा मोजले,
मग खिशातून एक दहाचं आणि दोन दोनाची नाणी काढली.
"हे चौदा वर आले."
राहू दे, म्हटलं.
"राहू दे म्हनता म्हनताच तं राहिले व्हते ते,"
आणि हसला, आणि सायकलीवर बसून गेला.

पंख्यानं कराराचं पान उडत होतं.
तिन्ही नाणी मी सतराव्या कलमावर ठेवली.
संध्याकाळी रोकड जुळवताना
उचलावी लागली.