दोन तास

बारा वर्षं मिरची तोलली,
छातीत इंगळ तेव्हापासून.
सकाळी उपाशीपोटी एक गोळी
आणि खिशात कायमची ती गुलाबी बाटली.
काल रात्रीपासून मात्र पोटच वाहतंय.
संकेश्वरच्या स्टँडसमोर
गुरुपादच्या दुकानाचं काउंटर धरून उभा राहिलो.
दे रे, बंद होईल असं काहीतरी.

दिलं नाही त्यानं.
आधी विचारलं, रक्त पडतंय? ताप?
नाही म्हटलं.
मग रात्रीत काय काय घेतलंस?
जळजळलं की घोट.
पुन्हा जळजळलं की पुन्हा घोट.
त्यानं बाटली उजेडात धरली,
बारीक अक्षरावर नख ठेवलं, मॅग्नेशियम.
हे आग विझवतं गा, पण बांधही फोडतं.

म्हणजे रात्रभर पाट मीच सोडत होतो
आणि शेत वाहिलं म्हणून बोंबलत होतो.

बाटली त्यानं काउंटरखाली ठेवली, हसला नाही.
दोन पुड्या दिल्या, मीठ-साखरेच्या.
लिटरभर पाण्यात एक, सावकाश पी.
सकाळची गोळी मनानं सोडू नको,
उद्यापर्यंत थांबलं नाही तर दवाखाना गाठ,
आणि तिथं सगळं सांग, बाटलीसकट.
त्यांनी गोळ्या दिल्याच
तर ही बाटली लगेच वर ओतू नको.
"एरड तास बिडरी,"
सवयीनं गेलं त्याच्या तोंडून,
मग मराठीत सांगायला लागला
आणि तासापाशी अडखळला.
तो शब्द बदलायचा नव्हताच.

स्टँडच्या बाकावर बसलो.
नऊ वाजून दहा.
गोकाकची गाडी लागली, सुटली.
एक घोट घेतला,
पोटाकडे कान लावला.